तणसात ठेवलेलं यंत्र

लोखंड केव्हा थकेल हे सांगण्याचा अभ्यास मी करतो. अमरावतीत पीएच.डी. करणाऱ्याला नातेवाईक ‘अजून शिकूनच राहिला का’ असं विचारतात, त्यांनाही मी हेच सांगतो. मग ते विषय बदलतात. रस्त्याचे हादरे बेशिस्त असतात, कुठला केव्हा बसेल याचा नेम नाही. म्हणून कंपन मोजायचं, लहानमोठे हादरे वेगळे करायचे आणि प्रत्येकाने लोखंडाचं किती आयुष्य खाल्लं याची बेरीज करायची. बेरीज भरली की लोखंड तुटतं. निदान कागदावर तरी.

खऱ्या रस्त्याच्या नोंदी हव्या होत्या म्हणून शेंदूरजनाघाटच्या मामाची ट्रॉली निवडली. मामाचा संत्र्याचा बगीचा आहे आणि ट्रॉली वयाने माझ्याहून मोठी आहे. तिला ट्रॅक्टरशी जोडणाऱ्या दांड्यावर जुनं वेल्डिंग होतं. तिथेच मी कंपन मोजणारं यंत्र घट्ट बसवलं आणि अमरावतीला परतलो. नोंदी माझ्या मोबाइलवर येत राहिल्या. वेल्डिंग नव्याने करून घ्यायचं मामाच्या मनात होतं, मी म्हटलं, आधी गणित होऊ द्या.

गणित झालं. त्यानुसार तो जोड मामाच्या नातवंडांच्या लग्नातही कामाला येणार होता. वरुडचा रस्ता एवढा गुळगुळीत कसा, हा प्रश्न पडण्यासारखा होता. पण निकाल चांगला आला की कोण कशाला रस्त्याची चौकशी करतो. मी मामाला फोन केला. त्याने वेल्डिंगवाल्याला येऊ नको म्हणून कळवलं.

पुढल्या आठवड्यात यंत्र परत आणायला गेलो. मामा नुकताच माल भरून, तोडणीच्या बायांना वर बसवून वरुडकडे निघाला होता. मामीने आतून संत्र्याची पेटी आणली. पेटीत तणस आणि तणसात माझं यंत्र. नाजूक वस्तू, तिला हादरे बसू नयेत, म्हणून मामाने ते पहिल्याच दिवशी दांड्यावरून काढलं होतं. संत्री भरतात तसं खालीवर तणस घालून, पेटी गोणपाटावर ठेवून त्याने ते रोज ट्रॉलीतून फिरवलं होतं. मामी हे सगळं कौतुकाने सांगत होती.

आधी मला संताप आला, मग त्या जोडाच्या भरवशावर वर बसलेल्या बाया आठवल्या. मामाला फोन केला, पण ट्रॅक्टर धावत असला की त्याला फोन ऐकू येत नाही. मी गाडी काढली.

वरुडच्या अलीकडे त्याला गाठलं. ट्रॅक्टर कडेला घेऊन, चालूच ठेवून, त्याने माझं सगळं ऐकलं. त्याचा चेहरा पडला. यंत्र फुटलं असतं तर तुझे साहेब तुला बोलले असते, म्हणून जपलं, एवढंच तो म्हणाला. यावर रागवायचं कसं ते मला समजेना. मला त्याची फार माया वाटली.

“मंग जोड तुटन का नाई?”

मी म्हटलं, नोंदीच चुकल्या, तेव्हा नक्की काही सांगता येत नाही. मग शक्यता या विषयावर मी बराच वेळ बोललो. वर बाया संत्री सोलत ऐकत होत्या.

“तुयी माय वर बसली असती तं काय मनलं असतं?” मामाने विचारलं.

“उतर मनलं असतं.”

“मंग तेच सांग ना.”

त्याने ट्रॅक्टर बंद केला. मी चाकाजवळ गेलो आणि सगळ्यांत पुढे बसलेल्या बाईला उतरायला हात दिला.