खिंडीत धरलेला गिअर

शारखूच्या अंगणात अकरा मेलेल्या गाड्या होत्या आणि गावातली प्रत्येक जिवंत गाडी त्यांचं काही ना काही पोटात घेऊन फिरत होती. सहकारी गॅरेजात त्यानं तेवीस वर्षं काढली. पुढे गॅरेज बंद पडलं, रशियातून सुटे भाग यायचे थांबले, पण त्याचे हात काही थांबले नाहीत. एका गिअरबॉक्सचा दांडा, दुसऱ्याची चाकं, तिसऱ्याच कुठल्या ट्रकचं बेअरिंग. घासून, ठोकून, मध्ये पत्र्याची चकती सारून तो ते बसवायचाच. "माणसांच्या सोयरिकी जुळतात, मग लोखंडाला काय धाड भरलीय?" असं म्हणायचा. एरवी बढाईखोर नव्हता, या बाबतीत मात्र होता.

त्याची एकच खोड. निघणाऱ्या माणसाला गाडीबद्दल वाईट शब्द सांगायचा नाही. तसं तर आमच्याकडे कोणीच सांगत नाही, वाटेला लागलेल्याला "कधी पोचशील?" एवढंही विचारत नाहीत. पण शारखूला त्याचा चटका बसला होता. एकोणीस वर्षांपूर्वी थोरला भाऊ दाम्दिन निघाला, तेव्हा तो बोलून गेला होता, "दादा, ब्रेक हलके आहेत, उलान खिंडीत जपून." दाम्दिन त्याच खिंडीत गेला. ब्रेकनंच गेला, हे आंधळ्यालाही कळलं असतं. पण दुखवट्याला म्हातारी चुलती सगळ्यांदेखत म्हणाली, "तू बोललास आणि रस्त्यानं ऐकलं." तेव्हापासून त्याच्या जिभेला कुलूप लागलं.

त्या वर्षीचा हिवाळा वैऱ्यासारखा आला. बर्फ पडला, वितळला, पुन्हा गोठला. वरचं कवच इतकं कडक, की मेंढ्यांचे खूर खालच्या गवतापर्यंत पोचेनात. शारखूची लेक नोमून आणि जावई म्याग्मर यांचं हिवाळी ठाणं खिंडीपलीकडे होतं. दोघं चारा न्यायला व्हॅन घेऊन गावात आली आणि गावाच्या तोंडाशीच गिअरबॉक्सनं किंचाळून प्राण सोडला.

"बाबा, रोज सकाळी दहा-बारा मेंढ्या ताठ होऊन पडलेल्या असतात," नोमून म्हणाली. "सासूबाई एकट्या ओढून बाजूला करतात. उद्या दुपारपर्यंत होईल ना?"

"होईल."

झाकण उघडलं तर दुसऱ्या गिअरच्या चाकाचे दात साफ गेलेले. अंगणात तसं चाक एकच निघालं, तेही जुन्या बनावटीचं. त्याचे दात आखूड. जोडणारं कडं नव्या बनावटीचं, ते या दातांना जेमतेम अर्धं पकडत होतं. शारखूनं दूध पावडरच्या डब्याचं झाकण कापून चकती केली, सारली, हातानं फिरवून पाहिलं. गिअर पडत होता. चढावर टिकलाही असता. पण भरली गाडी उतारावर लागली आणि इंजिन तिला मागे ओढू लागलं, की तो निसटणार. एकदा निसटला की त्या वेगात पुन्हा पडणार नाही, आणि बर्फावर ब्रेकचा काय भरवसा! उतारभर कोणीतरी गिअरची दांडी दाबून धरली तरच गाडी खाली पोचणार होती. रडकुंडीला येऊन त्यानं अकराही गाड्या पुन्हा उपसल्या. दुसरं चाक नव्हतंच.

दुपारी व्हॅन चाऱ्यानं भरली. शारखूची बायको दुलमा दुधाचं भांडं आणि पळी घेऊन दारात उभी राहिली. म्याग्मरनं काच खाली केली. "काय बाबा, दोन घरचं लोखंड जोडलंत, नीट नांदेल ना?"

शारखूनं तोंड उघडलं. दाम्दिनचा चेहरा डोळ्यांपुढे आला.

"नांदेल," तो म्हणाला.

वाट सुखाची व्हावी म्हणून दुलमानं चाकांमागे दूध शिंपडलं. गाडी वळणाआड गेली. बोलून भावाला मारलं, आता न बोलता लेकीला मारतोय, एवढंच शारखूच्या डोक्यात घुमत राहिलं.

"अहो, टोपी तरी घाला! कुठं निघालात?" दुलमा ओरडली. तोवर त्यानं मोटरसायकलच्या इंजिनावर किटलीभर कढत पाणी ओतलं होतं. गोठलेल्या नदीवरून आडवाटेनं तो सुटला. दोनदा पडला, दोनदा उठला.

खिंडीच्या माथ्यावर निळी फडकी बांधलेली दगडांची रास आहे. तिला तीन फेरे घातल्याशिवाय कोणी खाली उतरत नाही. तेवढ्यानंच ती दोघं त्याला गाठता आली.

"बाबा! काय झालं?" नोमून धावत आली. त्याच्या मिशांचा बर्फ झाला होता.

त्या जागी, त्या राशीसमोर, तो काय बोलणार? "विहीणबाईंना भेटून फार दिवस झाले," तो म्हणाला.

"आठ वर्षांत नाही आठवण झाली ती! आणि आज, मोटरसायकलवर?"

"म्हातारपण. तू मागे चाऱ्यावर बस."

शारखू जावयाशेजारी बसला. उतार सुरू झाला, शारखूनं दांडीकडे हात नेला आणि तो जावयाच्या हातावर पडला. म्याग्मरनं दांडी आधीच दाबून धरली होती. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं नाही. चौथ्या वळणावर मागची चाकं सरकली आणि म्याग्मरला दोन्ही हात स्टिअरिंगवर न्यावे लागले. त्याच क्षणी दांडीनं उसळी घेतली. शारखूनं अंगाचा सगळा भार तिच्यावर टाकला. पोराला अजून एक हात असता तरच हे एकट्यानं जमलं असतं, हे दोघांनाही कळलं.

सपाटीला गाडी थांबली. शारखूची बोटं दांडीवरून सुटेनात.

"तुला कधी कळलं?" त्यानं विचारलं.

"गावाबाहेरच्या उतारावर निसटला एकदा."

"मग मागे का नाही फिरलास, गाढवा?"

"मेंढ्या मरतायत, बाबा. आणि नोमून शेजारी होती. वाटेत असलं कसं बोलायचं?"

शारखू मागे नोमूनकडे वळला. एकोणीस वर्षांचं कुलूप, उघडायला वेळ लागला. "दुसरा गिअर निसटतो," तो मोठ्यानं म्हणाला. "मीच बसवलाय. मला माहीत होतं."

 चाऱ्यावरून नोमून रागानं पुढे वाकली. 

"माथ्यापर्यंत मी त्याच्या शेजारी बसले होते, बाबा. माझे दोन्ही हात मोकळे होते."