मालकाचा शिक्का

बाबा गेल्यावर आईला मी स्टुटगार्टला आणलं, तीन महिन्यांच्या व्हिसावर. ती पुन्हा माणसात यावी एवढीच माझी इच्छा होती. ती आली आणि खिडकीपाशी बसली. वाढलं तर जेवायची, नाही वाढलं तर मागायची नाही. मी मुद्दाम भांडण उकरून काढलं तरी भांडेना, आणि आमची आई भांडत नाही म्हणजे प्रकरण हाताबाहेर गेलेलं.

परतीची तारीख जवळ आली तेव्हा मी हट्टानं तिला चिनी शाईचित्रांच्या प्रदर्शनाला नेलं. मला ती फुलं-पाखरं फार आवडतात. एकाच काळ्या शाईत किती काळे असतात: ओला, धुरकट, कोरडा खरखरीत. कुंचला टेकला की टेकला, कागद शाई पिऊन टाकतो, खाडाखोड नाही. एका फांदीवर अंग फुगवून बसलेला पक्षी होता. त्याचं पोट म्हणजे नुसता कोरा कागद, तरी त्याची ऊब कळत होती. मी शाळेतल्या बाईंसारखी समजावत होते. आई नुसतं हं हं करत होती.

अचानक तिनं चित्राच्या कोपऱ्यातल्या लाल ठशांकडे बोट नेलं.

"आब्श्टांड, बिटे," पहारेकरी म्हणाला.

"लांबून बघ म्हणतोय," मी म्हणाले.

"ह्याला कुंकू कुणी लावलं?"

बाबा गेल्यापासूनचा तिचा हा पहिला प्रश्न. मला इतका आनंद झाला की मी बोलत सुटले. "कुंकू नाही गं, शिक्के आहेत. हा चित्रकाराचा. हे बाकीचे मालकांचे. चित्र ज्याच्या घरी जातं, तो आपला शिक्का मारतो."

बोलून गेल्यावर जीभ चावली. आई जन्मभर बाबांना मालकच म्हणायची. मालक जेवले का, मालकांना विचारते. मला त्याची चीड यायची.

"मालक मेल्यावर पुसतात?"

"नाही. राहतो तसाच."

तिच्या कपाळावर कुंकवाच्या जागी अजून फिकट गोल होता.

"कागदाचं बरं आहे," ती म्हणाली.

परतताना एस-बानमध्ये, म्हणजे इथल्या लोकलमध्ये, मी टिकल्यांचं पाकीट काढून तिच्यापुढे धरलं. ती आल्यापासून ते माझ्या पर्समध्ये पडून होतं. तिनं ते हातात घेतलं, उलटसुलट पाहिलं आणि परत माझ्या पर्समध्ये ठेवलं. पर्सची चेनही तिनंच लावली.