खुंटीपाशी आंघोळ

डबा मुका झाला, अन् सायबानं बोट केलं माझ्याकडं. मांडीवर सा महिन्यांचा बाळू, हातात राखेचं पातेलं.

पळसदरीच्या कातळावर पलटनीचा तळ पडलेला. मी तिथं भांडी घासायला अन् पानी भरायला. डबा म्हंजे वायरलेस. मधी तार नसताना लांबच्या पलटनीशी बोलायचा. एक तार वर बांबूला टांगलेली, दुसरी जमिनीत ठोकलेल्या लोखंडी खुंटीला. ह्या खुंटीला सायेब लोक विंग्रजीत 'अर्थ' म्हनायचे. का, ते मला ठावं नाय, मी दुसरीपातूर शिकलेली. मला यवढंच ठावं, खुंटीपाशी सपाट दगड हाय अन् सावली हाय. बाळूला पायावर घेऊन रोज तिथंच आंघोळ घालायची.

एक दिवस गोऱ्या सायबानं बघितलं. "ये क्या गुसलखाना है?" मला हाकलली पार वढ्यावर.

दुसऱ्या दिशी डबा कुजबुजायला लागला. तिसऱ्या दिशी गप. अन् संध्याकाळी मोठा सायेब डबा बघायला येनार! हवालदार मामा आमच्या खालापूरचेच, मागल्या लढाईत बसऱ्याला, अरबांच्या वाळवंटात, हेच काम केलेले. त्यांनी बॅटरी बदलली, तारा हलवल्या, डब्याला थापट्या दिल्या, आईबहिनीवरून बोलले. डबा ढिम्म.

खानसामा म्हनला, "हाकललेल्या बाईचा तळतळाट हाय, दुसरं काय!"

"औरत को निकालो! आज ही!" सायेब वरडला.

"मी हात बी नाय लावला वो मामा, देवाच्यान! नवरा तापानं पडलाय, काम गेलं तर खाऊ काय?" मी बोलतच सुटले, त्या बोंबाबोंबीत बाळू भ्याला, अन् त्यानं मांडीवरच उरकलं. लुगडं भरलं. मला काय सुचंना. पाय सवयीनं त्याच दगडाकडं गेले, बसले, बाळूला आडवा घेतला अन् अख्खी बादली वतली.

डबा किंचाळला.

मी बी किंचाळले. वाटलं, फुटला! बाळूसकट सायबाच्या बुटावर पडले. सायेब म्हागं सरला, बाळू अजून गळत होता.

मामा पोट धरून हसाय लागले. "ऊठ गं पोरी! खुंटीखाली वल लागते, नायतर डब्याचं बोलनं पोचत नाय. बसऱ्याला प्यायला पानी नसायचं, तवा आमी शिपाई रांगेनं खुंटीवर मुतायचो. यवढी लढाई केली अन् नेमकं तेच इसरलो बघ!"

"क्या बोला?" सायबानं इचारलं.

"आपकी तारीफ किया, साहब."

संध्याकाळी मोठ्या सायबापुढं डबा घडाघडा बोलला. सकाळी हुकूम निघाला, बच्चे का गुसल दोन टाईम, खुंटी पर. मामा सोता हजर राहून बघायचे.

मी एकच शिकले. हाकललं तर मुकाट जावं, पन आपला दगड कुठला ते इसरू नये.

तळ उठेपातूर काम टिकलं. माझं नाय, बाळूचं. मी आपली त्याच्यासंगं.