दोन इंच वर

विश्रामबागेतल्या माझ्या मिस्त्रीला चूक कुणाची असं विचारलं, की तो आधी टायरला लाथ घालतो आणि मग रस्त्याला शिव्या देतो. स्वतःपर्यंत तो कधी पोचतच नाही.

माझी फोर बाय फोर गाडी चाकांवर दोन इंच उचलून उंच केली ती त्यानंच. "गाडी कशी पैलवानागत दिसाय पायजे," म्हणाला. महिन्याभरात पुढच्या ॲक्सलच्या सांध्यांवरची रबरी आवरणं, म्हणजे बूट, फाटून ग्रीस ओकायला लागली. गाडी उचलल्यामुळं ॲक्सल तिरके झाले होते आणि बुटाच्या घड्या एकमेकींवर घासत होत्या. हे आंधळ्यालाही दिसलं असतं. हा मात्र बोटावर ग्रीस घेऊन हुंगायचा आणि म्हणायचा, "औंधचा रस्ता लय बेकार, सायेब."

बूट बदलले, पुन्हा फाटले. काल आईला घेऊन तिसऱ्यांदा गेलो आणि ओरडलोच, "मिस्त्री, गाडी खाली उतरवा!"

"उतरिवली की रुबाब गेला," तो थंडपणे म्हणाला.

रागानं फणफणत मी मागं हात धुवायला गेलो. तिथं त्याची स्वतःची जीप उभी होती. एकेकाळी ती माझ्या गाडीहून उंच होती. आता बसकी दिसत होती, आणि पुढची चाकं आतून कोरडी ठणठणीत, ग्रीसचा थेंब नाही.

"ही कधी उतरवलीत?"

"आमच्या म्हातारीला चढाय येत न्हवतं," तो म्हणाला. मग त्यानं स्टूल उचललं, माझ्या गाडीच्या दाराशी ठेवलं आणि माझ्या आईला हात दिला.

"आवं मावशी, सावकाश चढा."