बासरीतली फुंकर आणि निळी केबल

वरकुट्याला सर्जेराव आबांच्या घरी जायचं तर दुपारी तीनला जावं. ऊन पडवीतून आत येऊन कोब्यावर पसरलेलं असतं, तोडणी झालेल्या उसाच्या फडाचा गोडूस वास वाऱ्याबरोबर येत असतो आणि आबा आरामखुर्चीत डोळे मिटून बासरी ऐकत असतात. दोन लाकडी स्पीकर, मधे अॅम्प्लिफायर. पाच मिनिटं बसलं की आपण जागे आहोत की झोपेत, हेच कळेनासं होतं. मी इंदापुरात एसटी स्टँडजवळ रेडिओ-टेप दुरुस्तीचं दुकान चालवतो. गिऱ्हाइकाच्या घरी मी चहालासुद्धा टेकत नाही, पण त्या खोलीत माझ्या कितीतरी दुपारी विरघळून गेल्यात.

आबा साखर कारखान्यात फिटर होते. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक बेअरिंगला आणि मूठ कानाला, अशी त्यांची तपासणी. “हे मंगळवारपातुर टिकंल,” म्हणाले की बुधवारी ते गेलेलंच असायचं. हंगामाच्या पहिल्या दिवशी मिलच्या गव्हाणीत उसाची मोळी टाकायला पाहुणे हार घालून ताटकळायचे, भटजी मंत्र संपवून घड्याळाकडे बघायचे, आणि आबा आपले फिरत्या मिलला कान लावून उभे. त्यांनी मान हलवल्याशिवाय मोळी पडत नसे. हा नियम कुठं लिहिलेला नव्हता, पण अध्यक्षही पाळायचे. त्या एका मानेच्या हलण्यावर आबांनी उभा जन्म ताठ काढला.

निवृत्त झाल्यावर त्यांनी स्टिरिओ घेतला. मी बघायला गेलो तर स्पीकरला विहिरीवरच्या पाणबुडी मोटारीची उरलेली चपटी केबल जोडलेली. हसण्यासारखं काही नव्हतं. जाड तांबं आणि अंतर दहा फुटांचं, याहून जास्त स्पीकरला काही लागत नाही. मी तसं सांगितलं आणि आबा खूश झाले.

दोन वर्षांपूर्वी ते दुकानात आले.

“दीपक, सूर निघायच्या आदी वाजवणाऱ्याची फुंकर यायची बघ बासरीत. कुणी कानाशी येऊन उभं ऱ्हावं तशी. ती गेलीया. आवाज मळलाय.”

मी घरी जाऊन सगळं उघडून पाहिलं. काही बिघडलेलं नव्हतं. मला फुंकर स्वच्छ ऐकू येत होती. तेव्हाच सांगायला हवं होतं. पण ज्या कानासाठी अख्खा कारखाना थांबायचा, त्याला नाव ठेवायला माझी जीभ रेटेना. “बघू काही करता येतं का,” असं पुटपुटून मी सटकलो.

मग आबांनी आपलं आपण शोधायला घेतलं. पुण्याच्या एका दुकानदारानं वेणीसारखी विणलेली निळी केबल गळ्यात मारली. कुणी सांगितलं, वायर जमिनीला टेकली की आवाज जमिनीत मुरतो; आबांनी बाभळीचे ठोकळे तासून वायर त्यांवर चढवली. स्पीकरच्या चार कोपऱ्यांखाली चार सुपाऱ्या आल्या. दर वेळी चार दिवस आवाज ‘उघडायचा’ आणि पाचव्या दिवशी पुन्हा मळायचा. आबांच्या पत्नी प्रयागकाकू चहा ठेवता ठेवता म्हणायच्या, “व्हय, लई फरक पडला.” मी आतल्या आत धुमसायचो. आजाऱ्याला सोडून खाटेला औषध चाललं होतं, आणि हे ठाऊक असलेला मी एकटा तिथं बसून चहा पीत होतो.

गेल्या पौषात चांदीच्या केबलची गोष्ट निघाली आणि माझा तोल गेला.

“आबा, तांबं काय न् चांदी काय, दहा फुटांत कुणाच्या बापाला फरक कळायचा नाही.”

“मला कळतोय.”

“डोळे बांधून सांगाल?”

“बांध,” आबा शांतपणे म्हणाले. माझा लबाड हिशेब असा, की वायरीचा दोष नाही हे एकदा सिद्ध झालं की पुढचं त्यांचं त्यांना उमजेल. मला काही बोलावं लागणार नाही.

रविवारी काकूंनी आपल्या जुन्या लुगड्याची पट्टी त्यांच्या डोळ्यांवर बांधली. मी कधी निळी केबल जोडायचो, कधी मोटारीची, कधी नुसतंच काढून तीच पुन्हा लावायचो. काकू कॅलेंडरच्या पाठीवर रेघा ओढत होत्या. बासरी वाजत होती, ऊन हळूहळू सरकत होतं, आणि खुर्चीचे हात घट्ट धरून आबा ऐकत होते. मिलपुढं ते असेच उभे राहत असणार.

दहा वेळा झालं. आबांचे पाच अंदाज बरोबर निघाले. नाणं उडवून सांगितलं असतं तरी तितकेच आले असते.

“बघा,” मी म्हणालो. जिंकल्याचा आनंद मला झाला होता, खोटं कशाला बोलू?

आबांनी पट्टी सोडवली नाही. “फुंकर तुला आली का रं?”

“आली की.”

“कितींदा?”

“दहाही वेळा,” मी बोलून गेलो, आणि मग माझ्या लक्षात आलं.

आबांनी काकूंच्या दिशेनं तोंड वळवलं. “तुला?”

काकूंनी आधी माझ्याकडे पाहिलं. मग उठून त्यांनीच पट्टी सोडली आणि आबांच्या पुढ्यात बसून मोठ्यानं, एकेक शब्द सुटा करत बोलल्या, “मला रोज येती. तुमी हौसेनं इचारायचा, म्हणून फरक पडला म्हणायचे. तुमचं कान कमी झाल्यात, अवो. मी हळू बोलले की तुमी नुसतं हसता.”

आबा मात्र रागावले नाहीत. त्यांची नजर काकूंच्या ओठांवर होती.

“मी हसलो, तवा तू काय म्हणत हुतीस?”

“कवाचं सांगू? लई हाय.”

“आठवंल त्ये सांग.”

“दिवाळीत म्हणलं हुतं, गुडघं लई दुखत्यात, बोअरवरनं पाणी आणाया आता जमत न्हाय. तुमी हसला. मला वाटलं, चेष्टा वाटली तुमाला. परत न्हाय बोलले.”

आबा उठले. बासरी वाजतीच ठेवून ते स्वयंपाकघरात गेले, रिकामी कळशी खांद्यावर घेतली आणि बोअरकडे चालू लागले.