पडेश्वराला न ओळखता आलेला झटका

रंगमंचावर मरावं तर पडेश्वरानं. डावा हात छातीवर, उजवा हवेत, दोन गिरक्या, वाटेत खुर्ची आडवी, आणि मग गडी असा धाडकन कोसळायचा की पहिल्या रांगेवर धूळ उडायची! हार्ट अटॅकचा प्रवेश असला की नाटक कंपनीला दुसरं कुणी सुचायचंच नाही. त्याचं खरं नाव बायकोच्याही लक्षात राहिलं नव्हतं. वय अडतीस, पांढरी मिशी चिकटवली की साठ.

त्या दिवशी तालमीत, चहा आणि सिगारेट यांच्या मधेच त्याला दरदरून घाम फुटला. जबडा ठणकू लागला, डावा खांदा भरून आला, छातीवर कुणीतरी ट्रंक ठेवल्यासारखं वाटलं. तो गुपचूप विंगेत जाऊन कपड्यांच्या पेटीवर बसला.

"हार्ट अटॅक तर नाही ना?" त्याच्या मुलीचं काम करणारी नटी घाबरून म्हणाली.

"मला शिकवतेस? इतकी वर्षं त्याच्यावरच जेवतोय मी. त्यात माणूस गरकन फिरतो, खुर्ची पडते. इथे काय पडलंय? ऍसिडिटी आहे."

दिग्दर्शकानं त्याला नीट न्याहाळलं. "हा अटॅक असेल तर फारच कच्चा बसलाय बुवा. पाणी प्या, दुसरा अंक घेऊ."

बायको कंपनीचे पोशाख शिवायची. नवऱ्याचा चेहरा बघताच तिनं तोंडातल्या टाचण्या काढल्या.

"काय होतंय?"

"काही नाही गं."

बोटात कुसळ गेलं तरी हा माणूस शेजारपाजार गोळा करायचा. साध्या सर्दीत सगळ्यांचा निरोप घ्यायचा. आणि आज म्हणे, काही नाही!

"उठा. नको, उठू नका! अहो, कुणीतरी ॲम्ब्युलन्स बोलवा!"

"अगं, तालीम..."

"तुमचे वडीलही असेच 'काही नाही' म्हणत गेले. ऐन चाळिशीत. गप्प बसा."

हॉस्पिटलात रक्तवाहिनीतला अडथळा काढल्यावर डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आणखी थोडा वेळ तालीम केली असतीत, तर कायमचा पडदा पडला असता. वडिलांचं असं झालेलं. बीपी, साखर, कोलेस्टेरॉल कधी तपासलंत?"

"मला कुठे काय होत होतं?"

"होण्याआधीच तपासायचं असतं. सिगारेट आजपासून बंद."

"आणि भूमिकेत ओढावी लागली तर?"

"न पेटवता ओढा. तुमचं नाटक बघितलंय मी. तुमच्या कृपेनं निम्मे पेशंट गिरकी येण्याची वाट बघत घरी बसतात."

हा घाव मात्र त्याच्या वर्मी बसला.

पुढे डॉक्टरीणबाईंच्या परवानगीनं तो रंगमंचावर परतला. मरणाचा प्रवेश आला. पडेश्वर खुर्चीत बसला, जबडा चोळला, घाम पुसला. "काही नाही गं, ऍसिडिटी," म्हणाला आणि हळूच मान टाकली.

प्रेक्षक वाट बघतायत. शेवटी नटीनं हंबरडा फोडला, "बाबा गेले हो!"

बाल्कनीतून आवाज आला, "कधी?"

थिएटर हसून कोसळलं. विंगेत दिग्दर्शकानं कपाळावर हात मारला.

एवढ्यात तिसऱ्या रांगेतल्या एका बाईनं नवऱ्याचा दंड धरला.

"उठा. सकाळपासून जबडा चोळताय."

"अगं, निदान अंक तरी..."

"समोर बघितलंत ना? चला आधी हॉस्पिटलात!"

दोघं दाराकडे निघाली. मेलेल्या पडेश्वरानं एक डोळा किलकिला करून त्यांना बाहेर पडताना पाहिलं, आणि मग तो समाधानानं पुन्हा मेला.