दहा मैलांची पाटी आणि माझे बारा दगड

आमच्या गावावरून आगरदांड्याला जाणाऱ्या रस्त्यावर डांबर पडलं, तेव्हा गावात तीन फटफट्या होत्या. एक माझ्या नवऱ्याची, एक डॉक्टरांची आणि एक जंगलाचा ठेका घेणाऱ्या ठेकेदाराची. माझा नवरा मिस्त्री होता. भाताच्या गिरण्यांची आणि लाँचची इंजिनं दुरुस्त करायचा. लढाईच्या वेळी तो लष्करात गाड्या हाकायला होता, तिथेच हे काम शिकला. लष्कराने मोडीत काढलेल्या दोन फटफट्या त्याने मुंबईहून आणल्या, एक स्वतः ठेवली आणि एक नंतर डॉक्टरांना दिली. दोन्हींचा आवाज एकच. लांबून ऐकलं तर कोण येतंय ते मलाही कळायचं नाही.

मी फटफटीवर एकदाच बसले, लग्न झाल्यावर. उतरले आणि सांगितलं, पुन्हा बसणार नाही. पण ती सकाळी बाहेर पडली की संध्याकाळपर्यंत तिची वाट बघायचं काम माझ्याकडेच होतं. भाकरी थापताना कान रस्त्याकडे असायचे. भाकरी करपली की सासू विचारायची, "ध्यान कुठं हाय गो तुझं?" मी सांगायचे नाही. सांगून ती काय करणार होती?

मातीचा रस्ता होता तोवर बरं होतं. खड्ड्यांमुळे जोरात जाताच यायचं नाही. डांबर पडलं आणि तिघेही सुटले. महिन्याभरात ठेकेदाराने शाळेपुढे एक शेळी मारली. मग त्याचाच धक्का लागून एक म्हातारी टोपलीसकट पडली, तिचा दात गेला. तेव्हा सरपंचांनी काढलं की गावाच्या दोन्ही तोंडांना पाटी लावायची, वाहने ताशी दहा मैलांहून जोरात हाकू नयेत. त्यासाठी पंचायतीची बैठक ठरली.

त्याआधी एका रविवारी तिघे आमच्या पडवीत बसले. मी चहा घेऊन गेले तेव्हा डॉक्टर बोलत होते. डॉक्टर पुण्याकडचे, कधी आवाज चढवायचे नाहीत.

"दहा मैलांनी फटफटी उभीच राहत नाही हो मिस्त्री. दोन्ही पाय जमिनीला टेकवत जायचं का? त्यापेक्षा मी घोडं घेतो."

"घोडं तुम्हांला पाडील, डॉक्टर," ठेकेदार म्हणाला. "आणि दहा मैल झाले हे कळायचं कसं? माझा काटा मोडून दोन वर्षं झाली."

"माझाही चालत नाही."

"माझ्या गाडीला काटा कधी नव्हताच," नवरा म्हणाला. "लष्करानं ठेवून घेतला."

तिघे हसले.

"मग सरपंच काय धोतर सावरीत मागनं पळणार?" ठेकेदार म्हणाला. "पळू दे. पोट तरी उतरेल."

डॉक्टर म्हणाले, "माझं वेगळं आहे. एखादा रोगी शेवटच्या घटकेला असतो. मी दहा मैलांनी गेलो तर मी पोचेपर्यंत लोक लाकडं गोळा करून बसतील."

नवऱ्याने बशीतला चहा संपवला. "मला जोराची भीती न्हाय," तो म्हणाला. "दगडांची हाय. बायका रस्त्यात भात सुकायला घालतात, भोवती दगड मांडतात. भात भरून नेतात आणि दगड तिथंच. सरपंचांना म्हणावं, पयले दगड उचला, मग आमच्या गाड्यांना हात लावा."

मी कपबशा उचलल्या आणि आत गेले. कारण रस्त्यात दगड मांडणाऱ्या बायकांत मीही होते.

आम्ही भात उकडून खातो. उकडलेलं भात कडक सुकवावं लागतं, मग ते गिरणीत न्यायचं. अंगणात त्याला तीन दिवस लागतात, कोंबड्या हाकाव्या लागतात ते वेगळंच. डांबरावर घातलं तर एका दिवसात सुकायचं. खालून डांबर तापलेलं, वरून ऊन. गावातल्या सगळ्या बायकांनी रस्त्याच्या कडेचा एकेक तुकडा आपला म्हणून धरला होता. माझी आणि जावेची जागा गावाबाहेर, वडाच्या वळणावर होती. गाड्यांनी भातावरून जाऊ नये म्हणून मी भोवती बारा दगड मांडायचे. नवरा त्या वेळी कामावर असायचा. दगड कोणाचे ते त्याने विचारलं नव्हतं आणि मी बोलले नव्हते.

कापणीनंतरची गोष्ट. त्या रविवारनंतर दोन-तीन दिवसांनी नवरा आगरदांड्याला एका लाँचचं इंजिन खोलायला गेला होता. दुपार कलताना अवचित ढग भरून आले. मी आणि जाऊ धावत वळणावर गेलो, मिळेल तसं भात टोपल्यांत भरलं आणि घरी पळालो. पाऊस चार थेंब पडला आणि गेला. भात वाचलं म्हणून मी खूश होते. दिवेलागणीला चुलीपुढे बसले आणि मला एकदम आठवलं, दगड तिथेच आहेत.

"तू दगड उचललेस?" मी जावेला विचारलं.

"मी टोपली धरली हुती. तू उचललेस न्हाय?"

मी उठले. सासूला सांगितलं, कोंबडी एक कमी आहे, बघून येते. रस्त्याला लागल्यावर पळत सुटले. वळण पाव मैलावर असेल. अर्ध्या वाटेवर मला समोरून, आगरदांड्याच्या बाजूने फटफटीचा आवाज ऐकू आला. नवऱ्याची यायची तीच वेळ होती. आवाज वाढत होता. मी हात वर करून ओरडत होते, पण माझ्या आणि त्याच्या मध्ये वळण होतं, त्याला मी दिसणार नव्हते. मग खडखडाट झाला आणि आवाज बंद पडला.

ते उरलेलं अंतर मी कशी गेले ते मला सांगता येत नाही. दोन लहान मुलं होती घरी. त्यांना काय सांगायचं एवढंच डोक्यात होतं. आणि हेही होतं की मारला तो मीच.

रस्त्याच्या कडेला डॉक्टर बसले होते. फटफटी गटारात पडली होती. त्यांनी उजव्या हाताने डावा खांदा धरला होता आणि डोळे मिटले होते. मला खरं सांगायचं तर आधी सुटल्यासारखं वाटलं. हा माझा नवरा नव्हता. लाज त्याच्यानंतर वाटली.

"कोण, वहिनी का?" डॉक्टर म्हणाले. "माणसं बोलवा. हाड मोडलंय. माझीच चूक, फार जोरात होतो."

मी माणसं बोलवायच्या आधी दुसरं काम केलं. त्यांचे डोळे मिटलेले होते तेवढ्यात पायाने ढकलून बाराही दगड गटारात टाकले. मग ओरडत गावाकडे निघाले. थोड्या वेळाने नवरा आगरदांड्याहून आला, धडधाकट, हात ग्रीसने काळे. त्याने आणि आणखी दोघांनी डॉक्टरांना बैलगाडीत घालून मुरुडला नेलं. खांद्याचं हाड मोडलं होतं. हात दीड महिना गळ्यात बांधून ठेवायचा होता.

गावात सगळीकडे एकच बोलणं. डॉक्टरांनी सरपंचांना स्वतः कळवलं की माझ्या वेगानेच मी पडलो, पाटी लावा. मी ऐकून घेत होते. जाऊ माझ्याकडे बघायची आणि मी तिच्याकडे बघत नव्हते. कोणी दाराशी आलं की मी मागच्या दाराने निघून जायचे.

डॉक्टरांची फटफटी दुरुस्तीला आमच्याच पडवीत आली. नवऱ्याने पुढचं चाक काढलं, मांडीवर घेतलं आणि फिरवून फिरवून बघितलं. मग मला हाक मारली.

"इकडं ये. बोट घाल इथं."

चाकाच्या लोखंडी कडेला पोचा पडला होता. माझं बोट त्यात नीट बसलं.

"गटारात पडून असं व्हत न्हाय," तो म्हणाला. "हा दगड हाय. त्या वळणावर भात कोणाचं असतं?"

"आपलं."

"दगड किती?"

"बारा."

शिवी देईल असं वाटलं. त्याने हातोडी घेतली आणि तो पोचा ठोकून सरळ करायला लागला. ठोकता ठोकता म्हणाला, "त्यांच्या आधी मी निघालो असतो तर?"

"ठाऊक हाय मला," मी म्हटलं. "त्या दिवसापासून तेच डोक्यात हाय."

"डॉक्टरांना तू सांगतेस की मी सांगू?"

मी दुसऱ्या दिवशी दवाखान्यात गेले. रोगी उठून गेल्यावर उभ्या उभ्या सांगितलं, दगड माझे होते आणि तुमचे डोळे मिटलेले असताना मी ते फेकले. त्यांनी रागावावं म्हणून मी थांबले होते.

"दगड मला दिसला होता, वहिनी," ते म्हणाले. "चांगला वीस हातांवरून दिसला. ब्रेक दाबलासुद्धा. गाडी थांबेना."

"कोणी आजारी होतं का?"

"कोणी नाही. रोगी बघून झाला होता. चहाला घरी चाललो होतो." त्यांनी हात सावरला. "आता माझं एक ऐका. दगडाचं पंचायतीत बोलू नका. ठेकेदार वाटच बघतोय. सगळं दगडांवर ढकलतील आणि पाटी राहून जाईल."

मी घरी येऊन नवऱ्याला हे सांगितलं. तो नुसता हं म्हणाला. त्या हंमधून मला काही कळेना. बैठकीपर्यंतचे चार दिवस मी त्याला दोनदा विचारलं, तुम्ही बोलणार आहात का. दोन्ही वेळा म्हणाला, बघू. माझ्या घराचं नाव गावभर होणार की नाही, ते त्या बघूवर होतं.

बैठक शाळेत भरली. बायकांना आत जागा नव्हती, आम्ही खिडकीशी उभ्या होतो. माझ्या एका बाजूला जाऊ होती. डॉक्टर बोलले. मग ठेकेदार उठला.

"डॉक्टरांच्या खांद्याचं वाईट वाटतं. पण ते पडले आपल्या हातानं. त्यासाठी आम्ही गोगलगाय का व्हायचं? काय मिस्त्री, तुमचं ते दगडांचं गाणं होतं ना? म्हणा की. आज का गप्प?"

लोक हसले. नवरा उठला तेव्हा जावेने माझा दंड धरला.

"दगड व्हते," तो म्हणाला. "माझ्या घरचे. आमच्या बाईनं मांडले आणि उचलायला विसरली. चाकावर खूण मी बघितली."

हसणं थांबलं. डॉक्टरांनी मान खाली घातली. सरपंच म्हणाले, "मग पाटी कशाला?"

"ऐका. डॉक्टरांना तो दगड वीस हातांवरून दिसला व्हता. दिसलेला दगड चुकवता आला न्हाय. मी असतो तर मलाही आला नसता, मी त्यांच्याहून जोरात येतो. उद्या दगडाच्या जागी कोणाचं पोर असंल. पाटी लावा. आणि रस्त्यात भात घालायचं बंद करा. दोन्ही करा, न्हायतर काहीच करू नका."

ठेकेदार म्हणाला, "म्हंजे बायकोचा गुन्हा आणि शिक्षा आम्हांला."

"तुला शेळीची शिक्षा अजून व्हायची हाय," मागून कोणीतरी म्हणालं.

सरपंचांनी दोन्ही केलं. पाटी लागली. तिघांनी किती मैल सांभाळले ते सांगता येणार नाही, मोजायला कोणाकडे काही नव्हतं. पण शाळेपुढे आल्यावर इंजिनाचा आवाज उतरायचा, तो मी स्वतः ऐकला आहे. माझी संध्याकाळची धास्ती मात्र गेली नाही. वळणावरच्या त्या खडखडाटानंतर फटफटी नुसती थांबली तरी मी भाकरी तव्यावरच सोडून दारात धावायचे.

बायकांचा राग माझ्यावर निघाला. डांबरावरच्या जागा सगळ्यांच्याच गेल्या होत्या. विहिरीवर मी गेले की बोलणं बंद व्हायचं, नाहीतर मला ऐकू जाईल असं कोणीतरी मोजायचं, आमचं भात तीन दिवस सुकतंय, आमचं चार. मी उलट बोलले नाही. जावेने तेवढं एकदा काढलं.

"तुझ्यापायी सगळ्या गावाचा रस्ता गेला."

"तुझंही भात व्हतं त्यात," मी म्हटलं.

"दगड तू मांडलेस."

त्यावर मी जे बोलले ते इथे लिहीत नाही. एकाच चुलीवर स्वयंपाक करून आम्ही दोघी होळीपर्यंत बोललो नाही.